सावरखेडची ओळ

मनोजचं नाव काढलं की माझं डोकं उठतं, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे सांगणार आहे त्यात मी त्याच्याशी न्यायाने वागेन, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

आमची फूल-भाजीपाला उत्पादक कंपनी आहे. कंपनी म्हटलं की लोकांना काच लावलेली इमारत वाटते, तसलं काही नाही. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या गावांतले माळी आणि कुणबी सभासद, खुशालराव अध्यक्ष, अकोल्यात जठारपेठेत एका कापडदुकानाच्या वर एक खोली आणि अमरावतीत दुसरी. अकोल्याच्या खोलीत मी बसते. अमरावतीच्या खोलीत मनोज बसतो. तो खुशालरावांचा भाचा. पुण्याला कॉम्प्युटरचं काहीतरी शिकून आला आणि येताना तिथली भाषा पण घेऊन आला.

काम असं की, उद्या कोणत्या गावात गाडी किती वाजता आणि कुठे येणार, ते एका फाइलमध्ये लिहायचं. एका गावाची एक ओळ. संध्याकाळी सहा वाजता मशीन ती फाइल उचलतं आणि ज्या गावाची ओळ, त्या गावच्या सभासदांच्या मोबाइलवर निरोप जातो. ड्रायव्हरांनाही जातो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना फोन येतो आणि रेकॉर्ड केलेली बाई वाचून दाखवते. निरोप आल्याशिवाय आमच्याकडे कुणी फुलांचा तोडा करत नाही. फूल झाडावर दोन दिवस जास्त टिकतं, पण एकदा तोडलं की ते गाडीच्या भरवशावर. माझी आई तर निरोप कानाने ऐकल्यावरच दुसऱ्या दिवशीच्या तोड्याला मजूर बाया सांगून ठेवते.

आधी मला सगळं मोकळं होतं. नवे नंबर घाला, जुने निरोप बघा, चुकलं तर कालचं परत आणा. मग उन्हाळ्यात संचालकांच्या बैठकीत मनोजने विषय काढला. म्हणे सावरखेडला निरोप इतर गावांच्या आधी जातो आणि सावरखेड हे पौर्णिमा मॅडमचं, म्हणजे माझं, माहेर आहे. सावरखेड फाइलमध्ये सगळ्यात वर होतं, कारण गाडीच तिथून भरायला सुरुवात करते. मी हे जीव तोडून सांगत होते आणि खुशालराव चहात बिस्किट बुडवत होते. मनोज अगदी पुस्तकी मराठीत म्हणाला, "प्रश्न विश्वासाचा नाही, पद्धतीचा आहे." दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले तर माझ्या कॉम्प्युटरवर एकच चिन्ह शिल्लक होतं.

ते दाबलं की काळा पडदा येतो. त्यात नॅनो नावाचा एडिटर आणि त्यात ती एकच फाइल. हा एडिटर मुळातच साधा. माउस चालत नाही, सगळं कीबोर्डवर. पण मला मिळाला तो हातपाय बांधून मिळाला. दुसरी फाइल उघडायला गेलं तर उघडत नाही. आहे तीच दुसऱ्या नावाने ठेवायला गेलं तर नाव बदलू देत नाही. आधीची प्रत राखत नाही. बाहेर पडलं की पडदाच मिटतो. देवनागरीची तर त्यात दैना, वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे आणि कर्सर भलतीकडेच. पहिल्या दिवशी मी चुकून एक बटण दाबलं तर खाली इंग्रजीत पट्टी आली की ही सोय मर्यादित वापरात बंद आहे. मला मनोजच समोर बसून बोलतोय असं वाटलं. मी त्या पट्टीला मोठ्याने शिवी दिली, ती खाली कापडदुकानात ऐकू गेली.

तेव्हापासून आम्ही दोघं बोलत नाही. फोन नाही, नमस्कार नाही, सणावाराचा मेसेज नाही. जे काय बोलायचं ते फाइलमध्ये. मी मूर्तिजापूरची गाडी आठला लिहिली की तो साडेआठ करून ठेवणार. मी 'बाभळीजवळ' लिहिलं की तो 'बस थांब्यावर' करणार, आणि तो बस थांबा वादळात पडून गेलेला. मी परत बाभूळ लिहिणार. ज्याने मागून सेव्ह केलं त्याचं खरं. सहाच्या आधीचा शेवटचा हात आपला असावा म्हणून मी त्या वेळी चहासुद्धा घेत नसे. चिडखोर माणसांचा खेळ होता, मान्य. पण मला त्यात मजा यायची. त्यालाही येत असणार, नाहीतर तो इतका वेळ खेळला नसता.

यंदा आईने पूर्ण शेतात झेंडू लावला होता. बाबा गेल्यापासून शेत तीच बघते. केशवकाकांचं म्हणणं होतं की सोयाबीन पेरा, डोक्याला ताप नाही. आई सगळ्या भावकीसमोर म्हणाली, "मायी पोरगी कंपनीत हाये. फुलाची गाडी मायासाठी चुकनार नाई." काका गप्प बसले, पण विसरणारे नव्हते. झेंडूचं असं की दसऱ्याला गेला तर गेला. दसरा सरला की त्याला कुणी विचारत नाही. आईची सगळी मेहनत आणि भावकीतला शब्द त्या एका गाडीवर होता आणि हे मला पक्कं माहीत होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या गाडीची फाइल मी सकाळीच लिहून ठेवली. सावरखेड, सकाळी नऊ, फाट्यावर. दुपारभर भाजीवाल्यांचे फोन घेतले. पाच वाजून गेल्यावर एकदा नजर टाकावी म्हणून पडदा उघडला तर सावरखेडची ओळ नव्हती.

मी वर पाहिलं, खाली पाहिलं. फाइल केवढी, एका पडद्यात मावते. गाव नव्हतंच. कानशिलं तापली माझी. म्हटलं, याने आता गावच कापलं. आजवर वेळा बदलल्या, झाडं बदलली, ते ठीक होतं. पण दसऱ्याच्या तोंडावर माझ्या आईचं गाव. मी कर्सर वर नेला आणि ओळ पुन्हा लिहायला घेतली. सहा वाजायला आलेले आणि त्यात त्या मेल्या वेलांट्या. 'सावरखेड' लिहायला मला तीनदा खोडावं लागलं. गाव लिहिलं, वेळ लिहिली, फाटा लिहिला आणि सेव्हची बटणं दाबली.

खाली पट्टी आली. तुम्ही उघडल्यानंतर ही फाइल बदलली गेली आहे, तरी सेव्ह करायची का?

म्हणजे तो त्याच वेळी तिकडे बसला होता. मी नाही म्हणून बाहेर पडले असते आणि परत आत आले असते, तर त्याने काय बदललं ते समोर दिसलं असतं. काही वेळ लागला नसता. पण मग माझं लिहिलेलं टाकून द्यावं लागलं असतं, कारण ते बाजूला ठेवायची सोयच त्याने ठेवली नव्हती. आणि मला वाटलं, मी इकडून गाव घालतेय तर हा तिकडून पुन्हा काढतोय. मी अजून सेव्हच केलेलं नव्हतं, मग तो काढणार काय, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. फोन करायचा विचार आला, नाही असं नाही. पण त्याला फोन करून माझं गाव का काढलं म्हणून विचारायचं आणि त्याने मला पद्धत शिकवायची, त्यापेक्षा मी उपाशी राहीन.

मी 'हो'चं बटण दाबलं. मग खुर्ची पुढे ओढून सहा वाजेपर्यंत पडद्यासमोर बसून राहिले.

सहा वाजून गेल्यावर आईचा फोन आला. "आला वं निरोप. नऊले फाट्यावर. बाया सांगून ठेवल्या, उजाडताच तोडा लावतो." तिच्या आवाजात इतका आनंद होता की मी घरी जाताना पेढे घेतले. मनोजला हरवल्याचे पेढे होते ते, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून गेल्यावर ऑफिसात आईचा फोन. "गाडी कुठीसा हाये?"

"येईल. दसऱ्याची गर्दी आहे."

"फुलं कवाची फाट्यावर आनून ठेवली. उन्हं चढून राह्यली."

मी शेखरला फोन लावला. मोठी गाडी तो चालवतो. मागे हॉर्न, माणसांचा गलका, तो कुठेतरी बाजाराजवळ असणार.

"मॅडम, सावरखेड माया गाडीत नाई," तो म्हणाला. "मनोजभाऊनं काल दुपारीच फोन केलता. थ्या गावाले अलग टेम्पो हाये म्हने, थेट अमरावतीचा. मी तं अकोल्यात येऊन बी गेलो. गाडी गच्च भरली."

"पण निरोप तर तुम्हालाही गेला असेल ना? नऊ वाजता, फाट्यावर?"

"आला ना. मले वाटलं जुनाच चुकून आला. मनोजभाऊ सोता तोंडानं बोलले, तं मी थेच धरलं."

मी मनोजला फोन लावला.

"सावरखेडचा टेम्पो कुठे आहे?"

"कोण बोलतंय?" त्याने मुद्दाम विचारलं. माझा नंबर त्याच्याकडे आहे.

"टेम्पो कुठे आहे ते सांग."

"निघाला असेल तिथून. अमरावतीच्या एका फुलवाल्याला सावरखेडचाच झेंडू हवा होता, अकोल्यापेक्षा चांगला भाव देणार आहे. म्हणून मी ओळ वरून काढली आणि खाली टेम्पोच्या नावाने लावली. फाइल वाचता येते ना तुम्हाला?"

"खाली काही नव्हतं."

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. मग तो थांबला. बोलला तेव्हा पुणं गळून पडलं होतं.

"इथं बी नाई. माई ओळ कोनं काढली?" आणि थोड्या वेळाने, "तू काढली. मी खाली लावून सेव्ह केली आन तू तिच्यावरून सेव्ह केली. मशीननं तुले इचारलं नाई?"

"विचारलं."

"मंग?"

"तू आधी गाव काढलं होतंस."

"कापलं होतं, खाली लावाले. मंधात एकडाव सेव्ह करायची सवय हाये मले."

"एक फोन करता येत नव्हता?"

"तुले येत नोता?"

टेम्पोवाल्याचं असं झालं होतं की संध्याकाळच्या निरोपात त्याचं नावच आलं नाही. त्याने गृहीत धरलं की फेरी रद्द झाली आणि दुसऱ्या कुणाचा माल भरून तो मूर्तिजापूरकडे निघून गेला. मनोजने दुसऱ्या फोनवरून त्याला हे विचारलं तोवर मी इकडे फोन कानाला लावून बसले होते.

"दुसरा बघ," मी म्हटलं.

"दसऱ्याच्या दिवसांत दुसरा टेम्पो का झाडाले लागला हाये?"

"तूच मला बांधून ठेवलंस. मागची प्रत असती तर काल रात्रीच कळलं असतं."

"बांधून ठेवली तरी एवढं केलं तू," मनोज म्हणाला. "सोडून ठेवली असती तं काय केलं असतं?"

मी फोन आपटला. त्याच्या त्या प्रश्नाचा राग मला आजही आहे. आणि त्याने काही सावरखेडवर उपकार केले नव्हते, हेही लक्षात ठेवावं. फुलवाला त्याच्या ओळखीचा, मोठेपणा त्याला मिळणार होता. पण त्या टेम्पोत माझ्या आईचा झेंडू चांगल्या भावाने गेला असता, हे काही त्यामुळे बदलत नाही.

ऑफिसला कुलूप लावलं, दर्यापूरची बस धरली, तिथून जीप. समोरून आलेल्या एका जीपच्या टपावर झेंडूची गाठोडी होती, कुणाची ते मी विचारलं नाही. फाट्यावर उतरले तेव्हा ऊन चांगलं लागत होतं. ज्यांचा माल थोडा होता त्यांनी तो मिळेल त्या गाडीवर टाकून नेला होता. एक व्यापारी रिकामी मॅटाडोर घेऊन आला, रस्त्यावर अडकलेला माल पाहिला आणि मातीमोल भावात अर्धाअधिक उचलून गेला. उरला होता तो सगळा आईचा. जुन्या लुगड्यांत बांधलेली गाठोडी रांगेने ठेवली होती आणि आई त्यांच्यावर ओलं पोतं टाकून बाजूला बसली होती. गाठोड्यांच्या तळची फुलं काळवंडायला लागली होती. जवळ गेलं की आंबूस वास येत होता.

केशवकाका थोड्या अंतरावर उभे होते. ते उरलेली गाठोडी मोजत होते. तेच जास्त झोंबलं.

मला पाहताच आई उठली. "थ्या खुशालरावाच्या भाच्यानं घात केला ना? मले ठाऊकच होतं. तू म्हनतच होती." आणि तिने मनोजला अशा शिव्या दिल्या की एरवी मी त्या लक्षात ठेवल्या असत्या. हे सगळं तिला मीच शिकवलेलं. उन्हाळ्यापासून दर फोनवर मनोजने हे केलं, मनोजने ते केलं, एवढंच तर मी सांगत आले होते.

मी गप्प बसू शकले असते. मनोजवर खोटा आळ गेला तर मला त्याचं काहीही वाटलं नसतं, अगदी मनापासून सांगते. पण आज ना उद्या आईला कुणीतरी खरं सांगितलंच असतं, आणि ते मनोजने सांगावं हे मला चालणार नव्हतं. म्हणून मी सांगितलं. ओळ, टेम्पो, पट्टी, सगळं.

आई पुन्हा खाली बसली.

"मशीननं तुले इचारलं?"

"हो."

"आन तू हो म्हनलं."

"मला वाटलं त्यानं आपलं गाव काढलं."

"मंग मले सांगती, गाडीचं पक्कं नाई म्हनून. मी काल बाया सांगतल्याच नसत्या. फुलं झाडावर राह्यली असती, दसऱ्याच्या दिवशी पहाटे तोडून दर्यापूरले घेऊन बसली असती मी."

"माय, मी त्याच्याशी बोलत नाही. तुला माहीत आहे."

"त्याच्याशी नोको बोलू. मायाशी तं बोलतं ना?"

आईने पोत्याखाली हात घालून मूठभर फुलं बाहेर काढली, पाहिली आणि रस्त्याकडेला टाकली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं, ते मला चांगलं जमतं.

"तुले मी दिसलीच नाई वं," ती म्हणाली. "हे शेत दिसलं नाई. तुले बस थोच दिसून राह्यला, सकाळ-संध्याकाळ." मग कमरेच्या पिशवीतून तिने तिचा बटणांचा फोन काढला. "त्याचा नंबर सांग."

"कशाला?"

"यापुढं निरोप आला का मी त्याले इचारीन. थो हो म्हनला का मंगच तोडा लावीन."

"माय, निरोप मी लिहिते."

"म्हनूनच."

केशवकाका आता आमच्याकडेच बघत होते. आईने फोन हातात धरून ठेवला होता, अंगठा बटणावर. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. तो राग अजूनही मनोजवरच होता, याची मला त्या क्षणी शिसारी आली. मी नंबर सांगितला. माझ्या फोनमध्ये शोधावा लागला नाही, तोंडपाठ होता. आईने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि एकेक आकडा दाबत गेली.

कंपनीत कुणालाही फोन केला की आई आधी 'पौर्णिमेची माय बोलतो' असं सांगते. तिकडून फोन उचलला गेला.

"मनोजभाऊ का?" ती म्हणाली. "सावरखेडची जमुना बोलून राह्यली."